एका गाडीला चार चाके कशाला?

प्रश्न: माझे वय ३१ असून सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. माझ्याकडे २०१९ सालची केटीएम आरसी ३९० मोटरसायकल आहे आणि रोजच्या वापरालाही तीच असते. गेल्या फेब्रुवारीत आम्ही तीन मित्र गाड्या पिकअपमध्ये घालून चेन्नईच्या ट्रॅकवर गेलो होतो. एका मित्राकडे माझ्यासारखीच आरसी आहे, दुसऱ्याकडे यामाहाची आर १५. यापुढे वर्षातून दोनदा जायचे ठरले आहे. पुण्यातील एक जण चाकांचा जोड टायरसह २४ हजारांना देतो आहे; ‘केटीएमची ड्यूक असो की आरसी, सगळे सारखेच बसते, टायर ऐंशी टक्के आहेत’ असे तो सांगतो. आप्पा म्हणतात, एका गाडीला चार चाके कशाला? पण तिथे टायर फाटला तर एवढ्या लांबून हात हलवत परत यावे लागेल, ही भीती मला आहे. जोड घ्यावा का? घेतल्यास कारखान्यात ठेवता येईल का? आणि नवे टायर ट्रॅकवर नेण्याआधी तुळजापूर रोडला चालवून घेतले तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: तुमच्या आप्पांचा प्रश्न थट्टेचा वाटला तरी नेमका आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो: पुण्याचा हा जोड घेऊ नका. जास्तीची चाके बाळगणे ही नुसती हौस आहे असे मी म्हणणार नाही, आणि सोलापूरहून जाणाऱ्याला तर ती चेन्नईत राहणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. परंतु वर्षाला दोन ट्रॅक डे (म्हणजे शर्यतीविना, नाव नोंदवून ट्रॅकवर गाडी चालवण्याचे दिवस), रोजच्या वापराची एकच गाडी आणि शिकण्याचे पहिलेच वर्ष, एवढ्या परिस्थितीत हा खर्च तुमच्या यादीत पहिल्या तिनांतही येत नाही. त्यातून जो जोड तुम्हाला दाखवला जातो आहे, तो तुमच्या गाडीला जसाच्या तसा बसेल असे विक्रेत्याच्या बोलण्यावरून मला वाटत नाही. त्या बोलण्याकडे पुढे येतोच.

जास्तीच्या चाकांची चाल मुळात शर्यतीतली आहे. शर्यत पावसासाठी सहसा खोळंबत नाही, म्हणून एका जोडावर कोरड्या डांबराचे आणि दुसऱ्यावर पावसाचे टायर चढवून ठेवायचे आणि आभाळ पाहून काही मिनिटांत चाके बदलायची, असा तिथला रिवाज. ट्रॅक डेला असा तगादा नसतो. पाऊस आलाच तर वेग उतरवून चालवावे किंवा एखादी फेरी सोडून चहा घ्यावा. तुमच्या टायरना नक्षी असल्यामुळे ओल्या डांबरावर ते अगदीच निकामी होत नाहीत. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो, हे आपण सोलापूरकर हमखास विसरतो, कारण आपल्याकडे दिवाळीपर्यंत आभाळ निवळलेले असते. तारखा त्या तीन महिन्यांच्या बाहेर धरल्या की पावसाच्या चाकांचा विषय तुमच्यापुरता मिटला.

दुसरा उपयोग अधिक खरा आहे. रोजचे टायर एका जोडावर आणि ट्रॅकचे मऊ रबराचे टायर दुसऱ्यावर, अशी ती विभागणी. चाकांचा जोड एकच असेल तर प्रत्येक ट्रॅक डेआधी दोन टायर उतरवून दोन चढवायचे आणि परत आल्यावर तेच उलट करायचे, म्हणजे वर्षातून दोनदा गेलात तर टायर चढवण्याचे आठ प्रसंग. दर वेळी टायरची बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी कड, ताणली जाते, लोखंडी पट्टी लागून अलॉयची कड सोलली जाते आणि बॅलन्सिंग पुन्हा करावे लागते. त्या ओढाताणीत बीडमधली तार एकदा दुखावली की चांगला टायरही भंगारात जातो. अशा माणसाचा दुसरा जोड दोन-तीन वर्षांत आपली किंमत वसूल करतो. पण हा हिशेब ट्रॅकचे टायर वेगळे असतील तरच लागू होतो, आणि तुम्हाला ते वेगळे असण्याची गरज सध्या मला दिसत नाही.

शर्यतीचे रबर तापले तरच धरते. नवशिक्यांच्या गटात पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत, पुढच्याच्या मागे अंतर ठेवून चालवताना ते पुरेसे तापतच नाही, आणि न तापलेल्या मऊ टायरची पकड तुमच्या आजच्या टायरपेक्षाही कमी असू शकते. शिवाय असे रबर तापून थंड होण्याच्या प्रत्येक आवर्तनात थोडे थोडे मरते. नक्षी शिल्लक दिसते आणि पकड मात्र गेलेली असते. उलट तुमच्या मापातले, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, चांगल्या प्रतीचे रस्त्याचे स्पोर्ट रेडियल टायर गारठ्यातही चालतात आणि दिवसभराच्या पाच-सहा फेऱ्याही सोसतात. रुंद दिसावे म्हणून मागे १६० चढवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. तुमच्या मागच्या रिमची रुंदी चार इंच आहे, तिच्यावर तो टायर आवळला जाऊन त्याचा घेर बिघडतो आणि गाडी वळणात शिरायला कुरकुर करते.

मी स्वतः अनेक वर्षे पाळलेला क्रम सांगतो, तो म्हणजे आधी ट्रॅक आणि मग रस्ता. आपले रस्ते सरळ. विजयपूर रोड घ्या, हैदराबाद रोड घ्या, टायरचा मधला पट्टाच झिजतो आणि चार-पाच हजार किलोमीटरनंतर त्याची गोलाई जाऊन तो चपटा होतो. अशा टायरवर वळणात झुकताना गाडी एका कडेवर अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. नवशिक्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही, आणि दोष असतो टायरचा. म्हणून टायर बदलण्याची वेळ ट्रॅक डेशी जुळवून घ्यावी. जायच्या महिनाभर आधी नवे टायर चढवावेत, ट्रॅकवर त्यांच्या कडा वापराव्यात आणि मग मधला पट्टा वर्षभर सोलापुरात झिजवावा. गाडी पिकअपमधून जाते, म्हणजे वाटेतल्या जवळजवळ नऊशे किलोमीटरांत टायर झिजत नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा तो ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालवतात, त्यामुळे उजवी कड डावीपेक्षा लवकर खरबरीत होते. परत आल्यावर ती पाहून घाबरू नका, नक्षीच्या खाचेतला झिजेचा उंचवटा जोवर रबराच्या पातळीला आलेला नाही तोवर टायर रस्त्याला चालतो.

आता तुमची खरी भीती, हात हलवत परत येण्याची. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. चेन्नईतला माणूस दुपारी घरी जाऊन दुसरा टायर घेऊन येऊ शकतो. आपल्याला तिथे पोहोचायलाच एक रात्र लागते, आणि पेट्रोल-डिझेल, पिकअप, नावनोंदणी हे सगळे आधीच खर्च झालेले असते. पण ट्रॅक डे कशाने बुडतो, हे एकदा पाहा. सर्वांत जास्त वेळा तो एखाद्या लहानशा पडण्याने बुडतो. गाडी आडवी घसरते, माणसाला काही होत नाही, गाडीचेही फारसे नुकसान नसते, पण ब्रेकचा किंवा क्लचचा लिव्हर मोडतो, नाही तर गिअरची दांडी वाकते. शेदोनशे ग्रॅमचा तुकडा आणि दिवस संपला. दुसरे कारण ब्रेकचे तेल. ते हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीचे तेल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते आणि ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात, लिव्हर मऊ पडतो आणि शहाणा माणूस गाडी बाजूला घेतो. म्हणून तुमचे पहिले दोन खर्च ठरले: दोन्ही लिव्हरचा आणि गिअरच्या दांडीचा सुटा संच, आणि जाण्याआधी बदललेले ब्रेकचे तेल, जोडीला पॅडचा एक नवा संच.

पंक्चर तिसऱ्या क्रमांकावर येते, आणि ते खरोखरच दिवस घालवू शकते, कारण रस्त्यावर आपण ट्यूबलेस टायरमध्ये जी पट्टी ठोकून महिनोन्‌महिने हिंडतो ती ट्रॅकच्या वेगाला आणि झुकण्याला भरवशाची नसते. पट्टी लावलेल्या टायरवर ट्रॅकवर जाऊ नका, आयोजकांनी हरकत घेतली नाही तरी जाऊ नका. यावर माझा उपाय साधा आहे. ट्रॅक डेआधी मागचा टायर बदलाल तेव्हा उतरवलेला जुना टायर, तो निम्मा तरी शिल्लक असेल तर, पंक्चरवाल्याला देऊन टाकू नका. गोणपाटात गुंडाळून तो पिकअपमध्ये टाका. पुढचा टायर क्वचितच दगा देतो, मागचाच बहुधा. ट्रॅकच्या जवळ श्रीपेरुंबुदूर आहे, चेन्नई शहर तासाभराच्या आसपास आहे. चाक काढून पिकअपमधून मशीनवाल्या दुकानात नेले, टायर चढवून बॅलन्स करून आणला, तर दोन फेऱ्या जातील, दिवस जाणार नाही. हा तिसरा खर्च, आणि तो जवळजवळ शून्य आहे.

मग चाकांचा जोड कधी घ्यावा? वर्षाला चार-पाच दिवस होऊ लागले, तुम्ही पुढच्या गटात गेलात आणि रस्त्याचा टायर फेऱ्यांच्या शेवटी सुटू लागला, किंवा एखाद्या शर्यतीत नाव घालायचे मनात आले, की घ्यावा. त्या दिवशी तो नीट घ्यावा, म्हणून पुण्याच्या विक्रेत्याच्या वाक्याकडे वळतो.

‘सगळे सारखेच बसते’ हे वाक्य अर्धे खरे असल्यामुळे घातक आहे. आरसी ३९० च्या पुढच्या ब्रेकच्या डिस्कचा व्यास सुरुवातीच्या गाड्यांत ३०० मिलिमीटर होता. २०१७ च्या मॉडेलपासून तो ३२० झाला, आणि ड्यूक ३९० चेही तसेच. २०२२ ची आरसी आली तेव्हा तर चाकांची रचनाच बदलली. तुमची गाडी २०१९ ची, म्हणजे कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) ३२० च्या डिस्कसाठी बसवलेला. पुण्याचे पुढचे चाक २०१५ च्या गाडीचे निघाले तर एक्सल आत जाईल, चाक फिरेल, तुम्हाला वाटेल बसले. पण डिस्कची कड कॅलिपरमध्ये दहा मिलिमीटर खाली राहील आणि पॅडचा वरचा भाग हवेत. अशा वेळी लोक ‘डिस्क तुमचीच लावा की’ असे सांगतात. म्हणजे दर वेळी डिस्कचे बोल्ट खोलायचे, ते सैल पडू नयेत म्हणून लावलेला डिंक खरवडायचा, नवा लावायचा आणि ठरलेल्या टॉर्कने आवळायचे, तेही पॅडॉकच्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या ठेवण्याच्या आवाराच्या, धुळीत, घामाच्या हातांनी. हे करायचे असेल तर दुसऱ्या जोडाचा उपयोग काय?

जास्तीचे चाक पुरे असले पाहिजे, म्हणजे रिम, टायर, व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि त्यांचे ऑइल सील, दोन्ही स्पेसर (एक्सलवर चाक मधोमध धरणारी कडी), डिस्क, एबीएसच्या (जोराच्या ब्रेकला चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरसमोर फिरणारी दातेरी कडी, आणि मागच्या चाकाला याशिवाय हब रबर, स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चक्राची) बैठक आणि तुमच्या आजच्या स्प्रॉकेटइतक्याच दातांचे स्प्रॉकेट. जाहिरातीत ‘चाकांचा जोड’ म्हणतात तेव्हा यांतले निम्मे नसते. दातेरी कडी नसेल तर एबीएसचा दिवा पेटून राहतो आणि एबीएस बंद पडते. जुन्या ड्यूक २०० ला एबीएसच नसे, त्यामुळे तिचे चाक आरसीचे म्हणून विकले गेले तर कडी असण्याचा प्रश्नच येत नाही. दात कमीजास्त असतील तर चेनची लांबी जुळत नाही, आणि दात सारखे असले तरी बरीच चाललेली चेन कोऱ्या स्प्रॉकेटवर चढवली की ती त्याला लवकर खाते. स्पेसर तर इतकी लहान वस्तू आहे की चाक काढताना तो टपकन मातीत पडतो आणि डाव्याचा उजवीकडे गेला तर चाक मधोमध बसत नाही. मी माझ्या स्पेसरवर नखाच्या रंगाने खुणा करून ठेवल्या आहेत, आणि घरात त्यावरून झालेली चेष्टा आजही संपलेली नाही.

‘टायर ऐंशी टक्के’ हेही असेच अर्धे वाक्य. ऐंशी टक्के नक्षी शिल्लक आहे एवढेच त्यातून कळते, रबराचे वय कळत नाही. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात; २६१९ असे असेल तर तो २०१९ च्या सव्विसाव्या आठवड्यात तयार झाला. त्या आकड्यांचा फोटो मागवा. शिवाय कड पाहा: निळसर झाक आणि बारीक गोळ्या-गोळ्या झालेले रबर असेल तर तो टायर ट्रॅकवर बरेचदा तापून आलेला आहे. माझे मत विचाराल तर जुन्या चाकांबरोबर येणाऱ्या टायरची किंमत शून्य धरावी आणि भाव रिमचाच करावा.

आणि रिम पाहताना नुकत्याच केलेल्या चकचकीत पावडर कोटिंगला भुलू नका. खड्ड्यात आपटून वाकलेली अलॉय तापवून, ठोकून सरळ करणारे आणि तडा वेल्डिंगने भरणारे कारागीर सगळीकडे आहेत, आणि त्यांचे काम झाकायला रंगाचा एक हात पुरतो. टायर उतरवलेल्या रिमची आतली बाजू दाखवा म्हणावे. तिथे कोणी रंग देत नाही. चाक एक्सलवर टांगून फिरवावे, रिमच्या कडेजवळ एक पेन स्थिर धरावे आणि पेन व कड यांच्यातली फट मागेपुढे होते का ते पाहावे. ती हलताना डोळ्यांना दिसली तर ते चाक तिथेच ठेवून यावे. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवल्यावर रेतीत फिरल्यासारखे वाटू नये. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. सोबत जाडी मोजण्याची कॅलिपरपट्टी न्यावी आणि मोजावी, विक्रेत्याला राग आला तरी मोजावी.

चाक बदलण्याचे कामही दिसते तितके निर्धोक नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ट्रॅक डेला पुढच्या टायरमध्ये स्क्रू घुसला म्हणून मी दुपारच्या सुट्टीत जास्तीचे चाक चढवले. त्याची डिस्क नवी, म्हणजे माझ्या झिजलेल्या डिस्कपेक्षा किंचित जाड होती, म्हणून पॅड स्क्रूड्रायव्हरने मागे ढकलून ती आत घातली, एक्सल आवळला, तेवढ्यात आमच्या गटाची हाक आली आणि मी हेल्मेट चढवून निघालो. ट्रॅकच्या तोंडाशी रांगेत थांबायला पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला येऊन टेकला. पॅड मागे गेलेले होते आणि ते पुन्हा डिस्कला टेकेपर्यंत लिव्हर मारून घ्यायचे मी विसरलो होतो. वेग चालत्या माणसाचा होता म्हणून मागच्या ब्रेकवर थांबलो. तीच चूक सरळ पट्टीच्या शेवटी कळली असती तर हे सदर दुसऱ्या कोणी लिहिले असते. चाक बसवल्यावर, गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी, लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहायचे; माझ्या हँडलवर तेव्हापासून चाक निघाले की लाल चिंधी बांधलेली असते आणि लिव्हर कडक झाल्याशिवाय ती सुटत नाही.

त्याच दिवशी दुसरी गोष्टही शिकलो. बदललेले चाक थंड असते. सकाळच्या तीन फेऱ्यांत तुमचा अंदाज तापलेल्या टायरवर बसलेला असतो आणि हात त्याच अंदाजाने वळण घेऊ पाहतात. हवेचेही तसेच. २५ अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा टायर ६५ अंशांपर्यंत तापला की सुमारे ३६ होते. म्हणजे तापलेल्या टायरचा आकडा पाहून थंड टायरमध्ये तितकीच हवा भरली, तर दोन फेऱ्यांनंतर ती बरीच जास्त झालेली असेल. पॅडॉकच्या उन्हात पडलेले चाक आणि सावलीतले चाक यांचेही आकडे वेगळे येतात. जास्तीची चाके सावलीतच ठेवावीत. आपली चादर त्यांच्यावर टाकली तर ऊन लागत नाही, एवढे खरे. चादरीने टायर तापतो असे माझा एक मित्र दरवर्षी सांगतो, ते खरे नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही: तिघांपैकी एका मित्राची गाडीही तुमच्यासारखीच आरसी आहे. त्याची गाडी २०१७ ते २०२१ यांमधली असेल तर पुढे कधी जोड घ्याल तेव्हा तो दोघांत एक घ्या. एकाच दिवशी दोघांचेही चाक निकामी होण्याची शक्यता फार थोडी, आणि खर्च निम्मा. आर १५ वाल्याला त्यात ओढू नका, त्याच्या मागच्या चाकाचे माप वेगळे आहे. सामाईक वस्तू म्हटली की भावकीत काय होते हे सोलापुरात कोणाला सांगायला नको, म्हणून टायर झिजला तर कोणी भरायचा, पडून रिम वाकली तर कोणी द्यायची आणि चाके कोणाच्या घरी राहायची, हे आधीच चार ओळींत लिहून ठेवा. मैत्रीत लिहिणे बरे दिसत नाही म्हणाल, तर न लिहिणे पुढे आणखी वाईट दिसते.

कारखान्यात ठेवण्याबद्दल. मागाच्या शेडमध्ये नको. टायरचे तीन शत्रू ऊन, तेल आणि ओझोन, आणि शेडमध्ये त्यांतले निदान दोन हजर असतात. मागाच्या तेलाचे बारीक थेंब आसपासच्या भिंतीवर बसतात, त्यांवर सुताची पिंज चिकटते आणि तो लेप रबरावर चढला की रबर हळूहळू फुगून मऊ पडते; डिस्कवर चढला तर पुढचा पहिला ब्रेक भलत्याच अंतरावर लागतो. विजेच्या मोटरी आणि वेल्डिंग यांच्याजवळ टायर ठेवू नयेत असे टायर कंपन्या सांगतात, कारण ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन वायू रबराला भेगा पाडतो. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत काय उष्णता असते, ते तुम्ही मला सांगाल. तयार मालाची खोली असेल, जिथे टॉवेलच्या गाठी असतात, तर ती उत्तम: कोरडी, अंधारी आणि तुलनेने थंड. तिथे चाके उभी ठेवावीत, डिस्क किंवा स्प्रॉकेट खाली येईल अशी आडवी कधीही टाकू नयेत, हवा थोडी कमी करावी आणि वर काळे प्लास्टिक किंवा जाड चादर घालावी. पिकअपमध्येही हाच नियम. वाटेत चाक डिस्कवर आपटत गेले तर चेन्नईला पोहोचेपर्यंत ती वाकडी झालेली असेल. आत्ता चाके नाहीत, पण लिव्हर, पॅड आणि तो जुना टायर ठेवायला याच खोलीतला एक कोपरा आप्पांकडून मागून घ्या.

शेवटचा प्रश्न तुळजापूर रोडचा. शर्यतीचे गुळगुळीत टायर लावून रस्त्यावर येण्याचा विचारही करू नका, ते रस्त्यासाठी नसतात. रस्त्याचे नवे स्पोर्ट टायर मात्र चालवून घेतलेच पाहिजेत. साच्यातून निघालेल्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पहिले शंभरएक किलोमीटर तो निसटता असतो. तुळजापूर जाऊन-येऊन साधारण नव्वद किलोमीटर होते, म्हणजे अंतर बरोबर आहे. सरळ रस्त्यावर फक्त मधला पट्टा घासला जातो, कडांसाठी तुळजापूरचा घाट उपयोगी पडतो. पहाटे निघा, निघण्याआधी थंड टायरची हवा तपासा, पहिल्या तीस किलोमीटरांत जोराचा ब्रेक किंवा झटक्याची थ्रॉटल नको, आणि घाटात नेहमीच्या वेगाने, आपल्या बाजूला राहून, दर वळणाला किंचित अधिक झुकत जा. देवीला येणाऱ्या गाड्या आणि एसटी वळणावर अचानक समोर येतात. नवरात्रात आणि कोजागिरीच्या सुमारास तर या रस्त्याला जाऊच नका. सोलापूरहून पायी निघालेल्या भाविकांनी तो रात्रंदिवस भरलेला असतो. त्या आठवड्यात टायर चालवायचेच असतील तर अक्कलकोटच्या बाजूला जा. तिकडे घाट नाही, त्यामुळे कडा कोऱ्याच राहतील, आणि त्या ट्रॅकवरच्या पहिल्या फेरीत, सगळ्यांच्या मागे राहून, सावकाश घासून घ्याव्या लागतील.